इंजिन तापतच नाही: थर्मोस्टॅट बदलायचा, सेन्सर बदलायचा, की वॉल्व्ह काढूनच टाकायचा?

गाडी तापली की आपण कडेला घेतो, बॉनेट उघडतो, फोनाफोनी सुरू करतो. गाडी तापत नसेल तर मात्र कोणाला काही वाटत नाही, उलट 'बघा, इंजिन किती थंड राहतं' असं कौतुकच होतं. मीही त्यातलाच. डिसेंबरात पहाटे नाशिकहून मुंबईला निघालो होतो. एरवी मधोमध असणारा तापमानाचा काटा कसारा घाट उतरताना पार तळाला गेला, आणि पुढे ट्रॅफिक लागल्यावर गुमान वर आला. ॲव्हरेज त्याआधी महिनाभर कमी झालं होतं, पण त्याचं खापर मी पेट्रोल पंपावर फोडत होतो.

पहिल्या गॅरेजात कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणारा सेन्सर बदलला, फरक शून्य. दुसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅटबद्दल सल्ला मिळाला, "वॉल्व्ह काढून टाकतो साहेब, आपल्याकडे लागतच नाही." अशा गाडीचा मालक साधारण याच तिठ्यावर उभा असतो.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. इंजिन गार असताना ती रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवते. बहुतेक गाड्यांत कूलंट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास गेलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडू लागते. हीच झडप उघडी अडकली, तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन खरोखर थंड राहतं. सेन्सरचं उलट आहे. तो बिघडला तर इंजिन व्यवस्थित तापलेलं असतं, पण ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, ते गार वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. दोन्हीकडे वरून दिसणारी लक्षणं तीच: ॲव्हरेज कमी, सायलेन्सरला काजळी, कधी चेक इंजिनचा दिवा. म्हणून तर चुकीचा पार्ट बदलला जातो.

काटा, हात आणि स्कॅनर

काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, मधल्या मोठ्या पट्ट्यात तापमान वरखाली झालं तरी जागचा हलत नाही. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा. आणि काही जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा, ईसीयूचा वेगळा असतो. तिथे काटा गार दाखवत असला तरी इंजिनाला त्याचं सोयरसुतक नसतं.

हाताची तपासणी फुकट आहे आणि थर्मोस्टॅटसाठी तिच्याइतकी सोपी दुसरी नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला मधूनमधून हात लावा (पंखा आणि बेल्टपासून लांब राहून). झडप ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका बसेल इतका तापतो. इंजिनाबरोबर तोही पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे असं समजायला हरकत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या तोंडाशी असतो, त्यामुळे आपल्या गाडीत तो कुठे आहे ते आधी विचारून घ्या.

सेन्सरबाबत हात काही सांगू शकत नाही. तिथे स्कॅनर लागतो. एप्रिल २०१३पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीचे बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत फोनला जोडायचा छोटा ईएलएम ३२७ ब्लूटूथ ॲडॉप्टर चालतो. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा आणि दोन आकडे बघा, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत. बाहेर १५ अंश असताना कूलंट उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा कपलर (वायर जोडणारा प्लग) सुटला आहे. अशा वेळी नवीन सेन्सर आणण्याआधी कपलर काढून त्याच्या पिना पुसून बघा.

चालत्या गाडीत फरक आणखी उघड होतो. थर्मोस्टॅट अडकला असेल तर आकडा वेगाबरोबर सावकाश बदलतो: ट्रॅफिकमध्ये ८५, मोकळ्या हायवेला ६५, घाट उतरताना आणखी खाली. सेन्सर किंवा वायरिंग बिघडलं असेल तर आकडा उड्या मारतो. पाच-सात लिटर कूलंट एका सेकंदात ३० अंशांनी थंड होऊ शकत नाही, हे डोक्यात ठेवलं तरी पुरे.

स्कॅनरवर पी ०१२८ हा बिघाडाचा कोड दिसला की पुष्कळ मेकॅनिक थर्मोस्टॅटवर शिक्का मारतात. खरं तर कोड एवढंच सांगतो की इंजिन अपेक्षित वेळेत अपेक्षित तापमानाला पोचलं नाही. झडप अडकली तरी तो येतो, सेन्सर कमी दाखवत असला तरी येतो, आणि कूलंट कमी झालं तरीही. शेवटचं कारण सगळ्यात वाईट. सेन्सरचं टोक कूलंटमध्ये न बुडता हवेत राहिलं तर तो गार दाखवतो आणि इकडे इंजिन उकळत असतं. म्हणून सगळ्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटची पातळी बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

पंखा सतत फिरतो म्हणून इंजिन गार राहतं, हे निदानही ऐकायला मिळतं. झडप धड असेल तर पंखा कितीही फिरला तरी इंजिन फारसं थंड पडत नाही, कारण कूलंट रेडिएटरकडे जातच नाही. शिवाय सेन्सरचा सिग्नल तुटला की अनेक ईसीयू खबरदारी म्हणून पंखा स्वतःच चालू ठेवतात. म्हणजे तो पंखा बिघाडाचं कारण नसून परिणाम असू शकतो.

आणि तुमचा रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचाच असेल, गाडी डिझेल असेल आणि निफाडसारखी थंडी असेल, तर कदाचित काहीच बिघडलेलं नाही. उभ्या गाडीत आयडलिंगवर डिझेल इंजिन तापायला फार वेळ घेतं. आधी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा, मग आकडा बघा.

खर्च आणि खटाटोप

सेन्सर बदलणं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, थोडंसं कूलंट सांडतं. थर्मोस्टॅटला कूलंट काढावं लागतं, गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी लागते, आणि शेवटी सिस्टिममधली हवा नीट काढावी लागते. नव्या गाड्यांत झडप हौसिंगसकट अख्खी येते, त्यामुळे महाग पडते. सेन्सर स्वस्त म्हणून 'आधी तोच बदलून बघू' हा मोह होतो. मी तोच केला. वरच्या पाइपाला हात लावला असता तर तेवढे पैसे वाचले असते.

तिसरा पर्याय, वॉल्व्ह काढून टाकणं, मला मुळीच पटत नाही. इंजिन कायम गार राहिलं की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, झीज वाढते. बीएस-६ डिझेलमध्ये इंजिन पुरेसं तापलं नाही तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई सुरूच होत नाही आणि फिल्टर तुंबतो. शिवाय काही इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनातच परत जाणारी, वाट बंद करते. ती काढली की बायपास कायम उघडा राहतो, थोडं कूलंट रेडिएटर चुकवून परत इंजिनात शिरतं, आणि तीच गाडी भर उन्हात घाट चढताना तापते. जुन्या गाडीत झडप बंद अडकून इंजिन उकळायला लागलं तर घरी पोचण्यापुरती ती काढली, एवढं मी समजू शकतो.

नवीन झडप घेताना दुकानदाराने मला ८८ ऐवजी ८२ अंशांची घ्या, 'आपल्या हवेला बरी' असं सुचवलं. इंजिन शंभरीकडे जातं तेव्हा दोन्ही पूर्ण उघडलेल्याच असतात, त्यामुळे मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये ८२ वालीचा काही फायदा नाही. मी जुन्या झडपेवर कोरलेला आकडा वाचला आणि तोच घेतला. बसवण्याआधी दोन्ही झडपा पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याला टांगल्या, शेजारी थर्मामीटर धरला. जुनी गार पाण्यातही अर्धी उघडी होती. नवी ८७ला हलली.