कोन फिल्टर बसवून आठ महिने: ऊसहंगाम, घाट आणि पहिला पाऊस

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, एमएएफ (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) सेन्सरवाली. एअर फिल्टरच्या मूळ बॉक्सऐवजी लावलेलं किट शॉर्ट रॅम, म्हणजे आखूड पाइपाचं, बोनेटखालीच राहणारं: ॲल्युमिनियमचा पाइप, तेल लावलेला कापडी कोन फिल्टर, दोन सिलिकॉन जोड, चार क्लॅम्प आणि रबरी बुश असलेलं ब्रॅकेट. ऑक्टोबरमध्ये घरीच बसवलं. वापर मुख्यतः सातारा-कराड हायवे, शहरातली गर्दी आणि अधूनमधून यवतेश्वर घाटाने कास.

मायलेज वाढेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका. पेट्रोल इंजिनात हवा अडवण्याचं काम मुळात थ्रॉटलची झडपच करते. अर्धा ॲक्सिलरेटर दाबलेला असताना फिल्टर कितीही मोकळा केला तरी झडप हवी तेवढीच हवा आत सोडणार. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर चाचण्या घेतल्या. फिल्टर तुंबला तरी इंधनाचा खप जवळपास तेवढाच राहिला, पिकअप मात्र घटला. इथेही तसंच दिसलं. ४००० आरपीएमच्या वर इंजिन थोडं मोकळं वाटतं, इनटेकचा आवाज भरदार होतो. त्याखाली फरक शोधूनही सापडत नाही.

खरेदी करताना पाइपाच्या चकाकीपेक्षा एमएएफ सेन्सर बसतो त्या नळीचा आतला व्यास बघा. मूळ नळीला व्हर्नियर लावून मोजा आणि किटची नळी तेवढ्याच व्यासाची घ्या. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवेचा हिशोब त्या व्यासावरूनच करतो. ६० मिमीच्या जागी ७० मिमीची नळी आली की क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्के वाढतं, सेन्सरजवळ हवेचा वेग घटतो आणि ईसीयूला हवा चौथा हिस्सा कमी असल्यासारखं वाटतं. मग पेट्रोल कमी पडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचा कोड, येतो. असे बरेच कोड निव्वळ चुकीच्या व्यासाचे असतात, सेन्सर उगाच बदलला जातो.

बसवायला सवय नसेल तर दोन तास धरा. १० नंबरचा सॉकेट, फिलिप्स आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड एवढं पुरतं. इंजिन गार असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. सेन्सरचा प्लग लॉक दाबून काढा, वायर ओढू नका. मूळ बॉक्स निघाला की थ्रॉटलच्या तोंडाला स्वच्छ कापड कोंबा. तिथे पडलेला एक नट इंजिन उघडायला लावतो, आणि गाडी चालू करण्यापूर्वी ते कापड काढायचं विसरू नका. नव्या पाइपाच्या आतून कपडा फिरवा, कारण कापणीचा कीस बहुतेक वेळा आत असतो. सेन्सरवरचा बाण इंजिनच्या दिशेने हवा. त्याच्या ओ-रिंगला थेंबभर इंजिन ऑइल लावलं की ती दुमडत नाही. सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा, पाइप कुठेही बोनेटला किंवा बॅटरीला टेकत नाही हे बघा, मगच आवळा. सिलिकॉन फुगून क्लॅम्पच्या फटीतून वर येऊ लागला म्हणजे जास्त झालं.

व्हॉल्व्ह कव्हरवरून येणारी ब्रीदर नळी (इंजिनच्या आतली वाफ इनटेककडे नेणारी) नव्या पाइपाच्या तोटीला जोडायचीच. तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावून सोडून देण्याची फॅशन आहे, पण त्या वाटेने न मोजलेली हवा आत शिरते आणि आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग, वरखाली होतं. ब्लूटूथ ओबीडी रीडर (ईसीयूची रीडिंग मोबाइलवर दाखवणारा) असेल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलात कायम करत असलेली कमीजास्त दुरुस्ती, बघा: पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दहाच्या वर गेला तर जोड पुन्हा तपासा. बॅटरी जोडल्यावर पहिले काही किलोमीटर आयडल थोडं विचित्र राहू शकतं.

आता उष्णता, कारण या किटची खरी उणीव तीच. कोन फिल्टर बोनेटखाली उघडा राहिला की तो इंजिनची गरम हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की ती साधारण तीन टक्के विरळ होते. एप्रिलमध्ये साताऱ्यात पोवई नाक्यावर सिग्नलला उभं राहिलं की आत जाणारी हवा ६० अंशांच्या वर जायची. मूळ बॉक्स ग्रिलच्या मागून थंड हवा घेतो, ही वाट किटमध्ये बंदच होते. उपाय म्हणून १.२ मिमी ॲल्युमिनियम पत्र्याचा आडोसा करून घेतला, कडेला दाराची रबरी बीडिंग लावली आणि मूळ तोंडाची नळी त्याच्या आत आणून सोडली. चालत्या गाडीत फरक लगेच कळला, उभ्या गाडीत तेवढा नाही. किटसोबत आडोसा नसेल तर त्याचा खर्च किमतीत आधीच मिळवा. पाइपापेक्षा तोच महत्त्वाचा.

कारखाने सुरू झाले की कराडच्या बाजूला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा फुफाटा, पाचटाची काजळी आणि उसाचा भुसा सगळा फिल्टरवर बसतो. डिसेंबर ते मार्च दर ३००० किमीला फिल्टर काढून बघितला. दोनदा धुवावा लागला. क्लीनर मारून दहा मिनिटं थांबा, मग नळाचं हलकं पाणी आतून बाहेर सोडा. सावलीत पूर्ण वाळू द्या. कॉम्प्रेसरची हवा मारली की कापड फाटतं. तेल प्रत्येक घडीवर एकच हात. जास्त झालं तर ते सुटून एमएएफच्या तापलेल्या तारेवर चिकटतं, रीडिंग घसरतं. मग एमएएफ क्लीनरच लागतो, कार्ब क्लीनर मारू नये. धुण्यानंतर फिल्टरपुढच्या पाइपात पांढरा कपडा फिरवून बघा. राखाडी पट्टा दिसला म्हणजे धूळ जोडातून आत जाते, आणि ती धूळ पिस्टन रिंग घासते.

पावसात मात्र ही मांडणी पटली नाही. कासच्या धुक्यात आणि रिमझिमीत कापड ओलं होतं, आणि साचलेल्या पाण्यातून गाडी घातली तर शिंतोडे थेट फिल्टरवर. बंपरमध्ये खाली उतरणारं कोल्ड एअर किट सांगलीसारख्या पूर बघितलेल्या गावात तर लावूच नये: पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बघायची नाही, ओढूनच न्यायची.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मूळ बॉक्स नव्या कागदी फिल्टरसह परत बसवला. वॉरंटी चालू असेल तर तो बॉक्स, त्याचे बोल्ट आणि रबरी बुश एका पिशवीत जपून ठेवा. बुश सुकून चिरले असतील तर बॉक्स खडखडतो, तेवढे नवे घ्या.