रोजचा ट्रॅक, रविवारचा डोंगर की जिम?

आमचे दाजी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शिफ्टवर असतात. वय ५२. कंपनीच्या तपासणीत साखर काठावर निघाली आणि बहिणीने धोशा लावला. परवा चहाला आले तेव्हा म्हणाले, “तुम्ही वाचत असता ना, मग एकच काय ते सांगा. पहाटे ट्रॅकवर जाऊ, पोरांबरोबर रविवारी डोंगर चढू, की जिमचे वर्षाचे पैसे भरून टाकू?” त्यांना तोंडी जे सांगितलं, तेच इथे आकड्यांसकट मांडतो.

आधी आकडे कसे वाचायचे ते. ‘मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी’ याचा अर्थ शंभरातले तीस जण अमर झाले असा नव्हे. समजा, अभ्यासाच्या काळात बैठं आयुष्य जगणाऱ्या हजारांपैकी १०० जण गेले, तर त्याच वयाच्या हालत्या-चालत्या हजारांपैकी ७० गेले, एवढाच तो अर्थ. दुसरं म्हणजे, यातले बहुतेक अभ्यास माणसांची नुसती नोंद ठेवणारे आहेत. जो मुळातच धडधाकट, तोच जास्त चालतो, ही गोम त्यात राहतेच. वय, सिगारेट, जुने आजार यांचा हिशोब धरला तरी ती पूर्ण जात नाही. नॉर्वेत सत्तरी ओलांडलेल्या १,५६७ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून ५ वर्षं प्रयोग केला. २०२० साली निकाल आला: व्यायाम करून घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांतल्या मृत्यूंत ठोस फरक नाही. पण तिथला ‘न घेतलेला’ गटही स्वतःहून भरपूर व्यायाम करत होता. आपल्याकडे जेवण झालं की टीव्हीसमोर पसरणाऱ्यांना या निकालात सुटका शोधता येणार नाही.

आता ट्रॅक. गोल्फ क्लब किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर पहाटे गेलात तर अर्धं शहर भेटतं, निम्मं गप्पा मारत. त्या गप्पांना हसू नका. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम गतीच्या व्यायामाची साधी खूण आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला अशी १५० ते ३०० मिनिटं सांगते. मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तैवानचा अभ्यास. चार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी, निकाल २०११ चा. दिवसाला सरासरी १५ मिनिटं हालचाल करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी निघाला. पुढच्या प्रत्येक १५ मिनिटांमागे आणखी ४ टक्के. म्हणजे मोठा फायदा शून्यावरून उठण्यात आहे. दहा हजार पावलांचा आकडाही असाच उगाच डोक्यावर बसलाय; तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. पुढे पंधरा अभ्यास एकत्र तपासले तेव्हा साठीच्या आतल्यांना ८ ते १० हजार आणि साठीनंतर ६ ते ८ हजारांच्या पुढे वाढीव फायदा फारसा दिसला नाही.

चालण्याचा आणखी एक गुण म्हणजे त्याला वेगळी वेळ काढावीच लागते असं नाही. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता, बसून असलेल्या चालकांना जास्त. दाजींना म्हटलं, कारखान्याच्या शॉपमध्ये राउंड मारता तेव्हा तुम्ही वाहक, केबिनमध्ये बसता तेव्हा चालक. उणं एकच: जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने पहाटा बुडतात आणि त्या मोडलेल्या सवयी दिवाळीपर्यंत परतत नाहीत.

रविवारचा डोंगर तरुण पोरांचा लाडका, आणि खरं तर माझाही. आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांचा मृत्यूचा धोकाही बैठ्या लोकांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या ६३ हजारांवर लोकांचा हा अभ्यास, २०१७ चा. रोजवाल्यांचा फायदा यापेक्षा थोडाच जास्त. तेव्हा ‘रविवारी काय होतंय’ म्हणून कुणाला हिणवू नका.

पण बावन्नाव्या वर्षी, आठवडाभर खुर्चीत बसून, थेट हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्या? १९९३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, एरवी काहीच न करणाऱ्यांना जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका शंभर पटींहून अधिक वाढलेला आढळला. आठवड्यात पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांना जेमतेम अडीच पट. कुठल्याही एका तासात झटका येण्याचा मूळ धोकाच फार कमी असतो, त्यामुळे घाबरून घरी बसण्याचं कारण नाही. आधी पांडवलेणी धरा: वीसेक मिनिटांची चढण, दम लागला तर पायरीवर टेकता येतं. दोन-तीन महिन्यांनी अंजनेरीचा डोंगर. चढताना छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ आली तर तिथेच थांबायचं आणि खाली येऊन दवाखाना गाठायचा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणायचं नाही. उतरल्यावरची मिसळ, जादा तर्री आणि चार पाव हा वेगळा विषय, त्यावर मी गप्प.

जिमबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. मी एकदा वर्षाचे पैसे भरले, दीड महिन्यात जाणं सुटलं, परत मागायला गेलो तर पावतीवरचं बारीक अक्षर दाखवलं. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर ट्रॅकवाल्यांची मोठी चूक इथेच होते: ते नुसते चालतात. पन्नाशीनंतर स्नायू झिजतात, आणि काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणजे दाजींच्या दुखण्याशी याचा थेट संबंध. ताकदीच्या व्यायामाने मृत्यूचा धोका १० ते १७ टक्क्यांनी कमी होतो, असं २०२२ च्या एका एकत्रित आढाव्यात दिसलं. सर्वाधिक फायदा आठवड्याला ३० ते ६० मिनिटांत. म्हणजे दोनदा अर्धा-अर्धा तास. एवढ्यासाठी मशीनच लागतं असं नाही; जोर-बैठका आपल्या आखाड्यांनी कधीच्या शिकवल्यात. एकट्याला घरी जमत नसेल तर जिम घ्या, पण आधी महिन्याचेच पैसे भरा.

सायकलचंही दाजींनी विचारलं. फायदा नक्की, आणि सायकलने अमेरिका आरपार पार करणारे महाजन बंधू आपल्याच नाशिकचे. पण अंबडच्या रस्त्यावर शिफ्ट सुटताना सायकल चालवा असं मी जवळच्या माणसाला सांगणार नाही.

दाजींसाठी माझी निवड अशी: दिवसपाळीला घराजवळच वीस मिनिटं चालणं, आठवड्यात दोनदा जोर-बैठका (जोर सुरुवातीला भिंतीला हात टेकून), महिन्यातून एक रविवार पांडवलेणी. साखर काठावर आहे म्हणून डोंगराआधी डॉक्टरांना विचारून ईसीजी. त्यांना पटलं. फक्त रात्रपाळीच्या आठवड्यात झोप आधी की चालणं आधी, यावर बहिणीचं आणि त्यांचं अजून एकमत नाही.