ई-श्रम कार्ड काढायचंय तर घणसोलीतलं हे सेवा केंद्र बरंय (4 स्टार)

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) काढायचं होतं म्हणून घणसोली गावातल्या या केंद्रात गेलो. जागा म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, पंखा आहे पण तो झेरॉक्स मशीनकडे फिरवलेला, आणि सकाळी गर्दी एवढी की लाइन रस्त्यावर. तरी चार स्टार देतेय ते कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताईंमुळे.

बाकी ठिकाणी कसं, कामांच्या लिस्टमध्ये जे आधी दिसेल ते टिक करायचं आणि नेक्स्ट. या ताईंनी विचारलं, मावशी दिवसभर काय काय करता? मावशी म्हणे, "कुठे काय, सकाळची कामं झाली की घरीच." मग हळूहळू निघालं की सकाळी चार घरच्या पोळ्या आणि दुपारी दुकानातून आणलेल्या साड्यांना फॉल-पिको, साडीमागे पैसे. ताईंनी पोळ्यांचं मुख्य काम आणि फॉल-पिकोचं दुय्यम असं नीट भरलं.

मी पूर्वी सर्व्हेच्या फील्डवर होते म्हणून मला जरा जास्तच कौतुक, कारण "घरीच असते" ऐकलं की पटकन 92 टाकून पुढच्या दाराची बेल वाजवणारे मी पाहिलेत. एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या, कोडमध्ये 92 म्हणजे फक्त घरकाम, 93 म्हणजे घरकाम आणि सोबत घरापुरतं शिवणकाम, सरपण आणणं वगैरे, आणि दोन्हीवाल्या बायका श्रमशक्तीच्या बाहेर, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांत धरतच नाहीत. तोच फॉल दुकानासाठी लावला तर कामगार, स्वतःच्या साडीला लावला तर नाही, आहे की नाही गंमत! जनगणनेतही तेच, 1961 ला हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त नियमित काम केलं तरी कामगार धरायचे, 1971 ला आधी मुख्य काम कुठलं ते विचारलं, बायका म्हणाल्या घरकाम, की कामगार बायकांचा आकडा धाडकन खाली. आता दहा वर्षांत एवढ्या बायका शेतात जायच्या थांबल्या होत्या का, प्रश्नच वेगळा विचारला ना. मग 1981 ला 183 दिवसांचा हिशोब लावून दोन भाग केले, वर्षात निदान तेवढे दिवस काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी तर सीमांत.

ई-श्रमवर कामं निवडायची ती राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015 प्रमाणे, त्यात तीन हजारांच्या वर व्यवसाय आणि आठ आकडी कोड, त्यामुळे भरणाऱ्याला धीर पाहिजेच.

एक स्टार कापला कारण रजिस्ट्रेशन फुकट असतं पण प्रिंट आणि लॅमिनेशनचे पैसे इथे शेवटी सांगतात, बोर्डवर कुठे लिहिलेलं नाही. जाताना आधारला लिंक असलेला मोबाइल आणि बँकेचं पासबुक न्या, वय 16 ते 59 पाहिजे, पीएफ कापला जात असेल तर होत नाही. दुपारी जा, आणि ताई आहेत का ते आधी बघा, नसतील तर त्यांचा भाचा बसतो आणि तो सगळ्यांनाच "हेल्पर" करून मोकळा होतो.