बोन्सायची कुंडी: ग्लेझची की बिनग्लेझची?

जपानी रिवाज साधा: पाइन, जुनिपरला बिनग्लेझची (काचेसारख्या चकचकीत लेपाविना भाजलेली), कुंभारकामासाठी प्रसिद्ध तोकोनामे शहराच्या तांबूस-तपकिरी मातीची कुंडी, फुलाफळांच्या झाडांना रंगीत ग्लेझची. टोकियोत 1934 मध्ये सुरू झालेल्या कोकुफू या बोन्साय प्रदर्शनातही बहुधा हीच जोडी दिसते.

बिनग्लेझची कुंडी पाणी शोषते, हा समज मात्र अर्धवट खरा. चढ्या आचेवर भाजलेली माती जवळजवळ झिरपतच नाही. आपली लाल टेराकोटा झिरपते आणि कडेला पांढरे क्षार धरते. ग्लेझची घेताना आत हात फिरवून बघाच. आतूनही गुळगुळीत लागली तर परत ठेवा, मुळांना पकड मिळत नाही. निचऱ्याची भोकं दोन्हींत हवीत, झाड बांधायच्या तारेसाठी बारीक भोकं वेगळी. खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी.

ग्लेझचा टवका उडाला की लपत नाही. बिनग्लेझवर मात्र वर्षानुवर्षांच्या हाताळणीने मंद तकाकी चढते, आणि जाणकार तिच्यावरच भाळतात.