डिचोली की सांगे-केपे? गावांतला गोवा पाहायचा, तर आधी कुठे जावं

पुण्या-कोल्हापूरकडचे नातेवाईक दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गोव्यात येतात तेव्हा किनारे आणि जुने गोव्यातली चर्चेस पाहून झालेली असतात. मग विचारणा होते, "आता आतल्या गावांतलं काही दाखव." हाताशी बहुधा एकच दिवस, फार तर दोन. अशा वेळी माझ्यापुढे दोन वाटा असतात: उत्तरेला डिचोली तालुका, नाहीतर दक्षिणेला सांगे आणि केपे. दोन्ही मुलूख नव्या काबिजादीतले. पोर्तुगीजांच्या ताब्यात ते अठराव्या शतकात आले, तोवर देवळं पाडण्याचा सोळाव्या शतकातला जोर ओसरला होता. म्हणूनच इथे पाहायला इतकं शिल्लक आहे.

दोन्हीकडे एकेक देऊळ असं आहे, जे आपल्या मूळ जागी नाही. निवड करताना मी आधी या दोन देवळांबद्दल सांगतो.

डिचोलीतलं देऊळ नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं. हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत, त्यांच्या बिरुदात 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असं येतं. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात ते पाडलं गेलं, लिंग विहिरीच्या कामाला लावलं गेलं, आणि तिथून भक्तांनी ते लपूनछपून नदीपार आणलं. पुढे शिवाजी महाराजांनी देऊळ बांधायला घेतलं. दारावरच्या छोट्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार अशी नोंद आहे, म्हणजे १६६८ सालचा नोव्हेंबर महिना. गोव्यात महाराजांच्या आज्ञेचा असा डोळ्यांनी वाचता येणारा पुरावा समोर आला की माझ्या अंगावर काटा येतो, आणि प्रत्येक खेपेला येतो. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. उतरती कौलं, मधोमध घुमट, समोर दीपस्तंभ. आत जाण्याआधी अंगणात थोडं मागे उभं राहून सगळा आकार एकदा नीट पाहा.

इथे मोटारीने थेट जाऊ नका, एवढी विनंती. जुने गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी गाठा, बेटावर मूळ देवळाच्या कोटितीर्थ तळीचे अवशेष पाहा आणि दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला उतरा. देव ज्या पाण्यावरून आला, त्याच पाण्यावरून तुम्हीही जाता.

दक्षिणेतलं देऊळ कुर्डीच्या महादेवाचं, कदंबकालीन. त्याला हलवलं ते धरणाने. साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव जाणार हे ठरलं, तेव्हा पुरातत्त्व खात्याने देवळाच्या दगडांवर क्रमांक घातले, एकेक दगड उतरवला आणि सुमारे १७ किलोमीटरवर, धरणाजवळ, ते जसंच्या तसं पुन्हा रचलं. गावातली माणसं वाडे आणि वालकिणीच्या वसाहतींत गेली. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हेच गाव.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा हे देऊळ पाहून मी दहा मिनिटांत बाहेर पडलो होतो. ना पूजेची लगबग, ना भोवती वस्ती. देऊळ लहान, हिरवळीवर एकटं. ते समजलं पुढच्या मे महिन्यात, जलाशयाचं पाणी ओसरल्यावर कुर्डीच्या मूळ जागी गेलो तेव्हा. घरांची जोती, विहिरी, तुळशीवृंदावनांचे चौथरे, चिखल वाळून पडलेल्या भेगा. त्या दिवसांत जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी आणि कपेलाशी, म्हणजे छोट्या चर्चशी, जमतात. आपल्या घराचं जोतं मुलांना दाखवणारी माणसं मी तिथे पाहिली. म्हणून ही दोन ठिकाणं एकाच दिवशी जोडून पाहावीत. नुसतं देऊळ पाहून दक्षिणेची वारी पदरात पडत नाही.

बाकीचं पाहू.

डिचोलीत अंतरं लहान, हा मोठा फायदा. सांखळीजवळच्या हरवळ्याला जांभ्या दगडात कोरलेल्या लेण्या आहेत. लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात, अभ्यासक सहाव्या-सातव्या शतकात नेतात. जवळच रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा, त्यामुळे लहान मुलं कंटाळत नाहीत. वाळवंटीच्या काठी विठ्ठलापूरचं विठ्ठल मंदिर. डिचोलीत औरंगजेबाचा मुलगा अकबर याच्या नावाशी जोडलेली नमाजगाह आहे, संभाजी महाराजांच्या काळातली. तिथे फारसं कोणी जात नाही, पण इतिहासाची आवड असेल तर वाट वाकडी करा. जेवणाची चिंता नाही. सांखळीच्या बाजारात पातळभाजी-पाव खाल्ला की दुपारपर्यंत निघतं.

दक्षिणेत डबा बरोबर घ्या. रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळ, म्हणजेच पणसायमळची कातळशिल्पं. १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेला आली. नदीलगतच्या सपाट जांभ्यावर बैल, हरणं, माणसांच्या आकृत्या आणि एक गोल गोल फिरत जाणारा चक्रव्यूह. शंभरावर आकृत्या आहेत. वर छप्पर नाही, मूर्ती नाही, हात जोडायला काही नाही, आणि तरी मला गोव्यात यापेक्षा जुनं, यापेक्षा जवळचं काही वाटत नाही. कोणीतरी उकिडवं बसून दगडाने दगडावर बैलाचं वशिंड काढलं, आणि आपण त्याच जागी उकिडवं बसून ते पाहतो. सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर जा. तिरप्या उन्हात रेषा उठतात, भर दुपारी दगड कोरा दिसतो. चप्पल काढून चाला आणि रेषांवर खडू फिरवू नका, फोटोसाठीसुद्धा.

केप्यात, याच कुशावतीच्या काठी, १७८७ मध्ये बांधलेला देआंवचा वाडा आहे. ज्या धर्मगुरूने केपे शहर वसवलं, त्याचं हे घर, चर्चच्या समोर. खाजगी मालकीचं असल्याने आधी फोन करून जायचं. जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांचंच वेड असेल तर चांदोरचं मिनेझिस ब्रागांझा घर अधिक भव्य आहे. चांदोर सासष्टीत येतं, पण मडगावहून निघालात तर फारसं आडवाटेला नाही.

तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर बरेच जण यातल्या कुठल्या ना कुठल्या फेरीत कोंबतात. तसं करू नका. ते धारबांदोड्याच्या रानात आहे, त्याला वेगळी सकाळ द्या.

आता निवड. आई-वडील किंवा मुलं सोबत असतील आणि दिवस एकच असेल, तर डिचोली. माझी आई गुडघ्यांमुळे उसगाळीमळला खडकावर उतरू शकली नाही, वरच थांबली. नार्व्यात मात्र तासभर देवासमोर निवांत बसली होती. गाडी नसेल तरी डिचोलीच, कारण पणजीहून डिचोली-सांखळीला बस सहज मिळते. सांग्याच्या आतल्या गावांत बसच्या भरवशावर राहाल, तर दिवस वाट पाहण्यात जाईल.

चालायची तयारी असेल, स्वतःची गाडी असेल आणि दोन दिवस असतील, तर सांगे-केपे. मला एकट्याला जायचं असेल तर मी तिकडेच जातो. पावसाळ्यात मात्र दक्षिण टाळा, कुशावती चढलेली असते. हरवळ्याचा धबधबा त्याच दिवसांत पाहण्यासारखा असतो.

दोन्ही पाहणार असाल आणि मे महिना असेल, तर कुर्डी आधी उरका. पहिले पाऊस लागले की जोती परत पाण्याखाली जातात आणि वर्षभर दिसत नाहीत.