नाताळच्या सुट्टीतला अ‍ॅक्टिव्हिटी बॉक्स, १,४९९ रुपये, घ्यावा का? (मुलं ५ आणि ८ वर्षांची)

आमच्या शाळेला २४ डिसेंबर ते २ जानेवारी सुट्टी होती. दिवाळीच्या सुट्टीचं टेन्शन नसतं हो, फराळ, किल्ला, मामाकडे जाणं, दिवस कुठे जातात कळत नाही. पण नाताळात आमची दोघांची ऑफिसं चालू, बिल्डिंगमधली अर्धी मुलं गावाला, आणि वर्क फ्रॉम होम म्हणजे घरी असून नसल्यासारखंच. मागच्या वर्षी ते दहा दिवस टीव्हीने सांभाळले आणि शाळा सुरू झाली तेव्हा धाकटा कार्टूनच्या हिंदीत भांडत होता, म्हणून यंदा इन्स्टावर जाहिरात बघून हा बॉक्स मागवला. जाहिरातीत आई लॅपटॉपवर काम करतीये, शेजारी वाफाळती कॉफी, मागे दोन मुलं गालिच्यावर शांतपणे काहीतरी जोडतायत. त्या शांतपणालाच भुलले बहुतेक.

कंपनीचं नाव लिहीत नाही, एकाच ऑर्डरवरून कुणाला धोपटायचं नाहीये, आणि असले बॉक्स आतून साधारण सारखेच असतात असं मैत्रिणींशी बोलून कळलं. आत होतं ते असं: लाकडी दिव्याचा किट, पुठ्ठ्याचं सूर्यघड्याळ, ३० गप्पांची कार्डं, ४० पानी वर्कबुक आणि स्टिकर.

आधी वाईट सांगून टाकते. दिव्याच्या किटमधली गोंदाची ट्यूब दगड झालेली, आणि आठ स्क्रूंपैकी सातच. गोंदाचं काय, खालच्या दुकानातून फेव्हिकॉल आणला. स्क्रूसाठी कस्टमर केअरला व्हॉट्सअ‍ॅप केला तर आपोआप येणारा गोड मेसेज आला आणि मग सहा दिवस काही नाही. वर्कबुकमध्ये पानापानावर बर्फ, स्नोमॅन, फायरप्लेस. पुण्यात पहाटे १२ डिग्री झालं की आम्ही कानटोप्या शोधायला लागतो, आमच्या पोरांना मिटन्स म्हणजे काय ते मला यूट्यूबवर दाखवावं लागलं. बाकी बेरजा-वजाबाक्या शाळेसारख्याच. थोरलीने सहाव्या पानावर पेन्सिल ठेवली ती ठेवलीच, मीही जबरदस्ती केली नाही, सुट्टीत कशाला. आणि सगळ्यात राग आला तो क्यूआर कोडचा. प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीची पुढची पायरी व्हिडिओत. अरे बाबांनो, मोबाइल हातातून काढायला तर पैसे मोजले ना! व्हिडिओ तीन मिनिटांचा, त्यानंतर पोरांच्या हातात फोन अर्धा तास.

आता सूर्यघड्याळ. हे दिसायला सगळ्यात फालतू होतं, एक गोल पुठ्ठा, वर उभा करायचा त्रिकोण, बास. नवऱ्याचा लंच ब्रेक १२ ते १, त्यामुळे हे काम त्याच्या गळ्यात घातलं आणि सगळे गच्चीवर गेले. आई (सासूबाई) आधीच उन्हात मटार सोलत बसलेल्या. कंपासने उत्तर दिशा बघून पुठ्ठा लावला तर घड्याळात बरोब्बर १२ आणि सावली अजून साडेअकराच्या पण अलीकडे. थोरली म्हणाली, "बाबा, हे पण तुटकंच आलंय का?"

मला पण तेच वाटलं, खरं सांगते. पण नवरा बसला हिशोब करत. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशावर, जो मिर्झापूरजवळून जातो, आणि पुणं आहे ७४ अंशाच्या जवळ, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं लागतात, झाली ३४ मिनिटं. म्हणजे आपल्या घड्याळात १२ वाजतात तेव्हा मिर्झापूरला भर दुपार असते आणि आपल्याकडे व्हायची असते. हे आम्ही शाळेत पाठ केलेलं, मार्कही मिळवलेले, पण गच्चीवर उभं राहून कधी बघितलेलं नव्हतं. थोरलीला काही पटेना, तिचं एकच, मग घड्याळ खोटं का सूर्य खोटा? शेवटी आईंनी खालून कणकेचा गोळा आणून दिला, त्यात पेन्सिल सरळ उभी रोवली आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने टिंब. सावली लहान लहान होत गेली आणि सगळ्यात आखूड टिंब आलं १२:३५ चं, त्यानंतर परत लांब व्हायला लागली. तेव्हा कुठे बाई शांत झाल्या. धाकट्याला यातलं काही कळलं नाही पण टिंबं देण्यावरून त्याने भांडण मात्र पूर्ण केलं.

पुढची गंमत दुसऱ्या दिवशी. नवऱ्याने (लंच ब्रेक संपला तरी) कोनमापक लावून त्रिकोण मोजला तर कोन २८ अंशाचा निघाला. सूर्यघड्याळात हा कोन आपल्या गावाच्या अक्षांशाएवढा लागतो, पुण्याला साडेअठरा, आणि २८ म्हणजे दिल्लीच्या आसपास. म्हणजे एकच साचा काढून भारतभर पाठवतायत! थोरलीने पुठ्ठ्याचा नवा त्रिकोण कापला, आकडे ३५ मिनिटं सरकवून परत लिहिले, आणि आता ते घड्याळ गच्चीच्या कठड्यावर आहे. हे सगळं माहितीपत्रकात एका ओळीनेही नाहीये. लिहिलं असतं तर मी अजून एक स्टार दिला असता.

गप्पांची कार्डं इंग्लिशमध्ये. आईंना इंग्लिश वाचता येत नाही, त्यामुळे थोरली कार्ड वाचून मराठीत सांगायची आणि त्यातच तिचा जो काही अभ्यास झाला तो झाला. एक कार्ड होतं, लहानपणी सुट्टीत काय खेळायचात. आई उठल्या, स्वयंपाकघरातून चार चिंचोके घेऊन आल्या, जाळीच्या बाजूच्या खडबडीत फरशीवर घासायला लागल्या. एका बाजूचं काळं साल गेलं की आत पांढरं निघतं. घासून घासून चिंचोका चांगला तापला, तो त्यांनी पटकन धाकट्याच्या हाताला लावला, तो किंचाळला आणि दुसऱ्या मिनिटाला त्याला पण घासायचाच होता. मग फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखली आणि चल्लस आठ सुरू. चारही पांढरे पडले की चल्लस म्हणजे चार, चारही काळे पडले की आठ, दोन्हीला परत टाकायला मिळतं. सिनिअर केजीतलं पोर तीन दिवसांत घरं न मोजता उडी मारायला लागलं, जे वर्कबुकातल्या स्नोमॅनच्या बटणांनी होत नव्हतं. थोरली हरायला लागली की पट पायाने पुसायची, दोनदा तर आजी-नातीचा अबोला झाला संध्याकाळपर्यंत. असो, तेही चालतंच घरात.

आता मुख्य मुद्दा, जो जाहिरातीत बरोब्बर उलटा सांगितलाय. बॉक्सवर लिहिलंय की मुलं आपली आपण खेळतात. खोटं. एकही गोष्ट अशी नाही की मोठं माणूस पाऊण तास खाली मांडी घालून बसल्याशिवाय झाली. आम्ही शेवटी वेळा वाटून घेतल्या, सकाळी १० ते ११ मी कॅलेंडर ब्लॉक करायचे, दुपारी नवरा, संध्याकाळी आई. बाकीचा वेळ मुलांनी कंटाळा आला, कंटाळा आला करत घरभर फिरायचं आणि आम्ही लक्ष द्यायचं नाही, त्यातून उशांची बस निघाली एकदा. हे तुम्हाला जमणार नसेल, तर बॉक्स घेऊ नका, कपाटात पडून राहील आणि वर आपण मुलांना वेळ देत नाही ही टोचणी फुकट. मला तर पहिल्या दोन दिवसांत झालीच.

फुकटात चांगलं मटेरियल हवं असेल तर भरपूर आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात, आमच्याकडे रात्री एक गोष्ट त्यातलीच. धाकट्यासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मराठी चित्रगोष्टी, वाचनाच्या लेव्हलप्रमाणे लावलेल्या. आणि अरविंद गुप्तांची साइट, काडेपेटी, रबरी नळी, सायकलच्या टाकाऊ वस्तू यांतून खेळणी, मराठी पुस्तकंही ढिगाने आहेत. फक्त आदल्या रात्री बघून एका कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर परत मोबाइल मध्ये आलाच.

५ पैकी ३ स्टार. एक गोंद-स्क्रूसाठी कापला, एक त्या २८ अंशांसाठी. सेलमध्ये ८००-९०० ला मिळाला तर घ्या, आणि आला की लगेच उघडून स्क्रू मोजा, सुट्टी लागायची वाट बघू नका. आमचा आठवा स्क्रू ५ जानेवारीला आला, केवढ्या मोठ्या खोक्यात म्हणून सांगू. मुलं शाळेत होती. दिवा अजून फ्रिजवर अर्धाच आहे.