शाळेच्या बागेसाठी कुठली कार्यशाळा घ्यावी? मे महिन्यापासून मांडलेला हिशेब

मागच्या महिन्यात केंद्रातल्या शाळांच्या बैठकीनंतर एका मुख्याध्यापकांनी मला थांबवलं. "बाई, झाडांची आणि परसबागेची कार्यशाळा घ्यायचीय. तीन-चार ठिकाणांहून विचारणा झालीय. कुणाला हो म्हणू?" मी उलट विचारलं, "मे महिन्यात तुमच्या शाळेत पाणी कोण घालतं?" ते नुसते हसले.

माझी शाळा कोरेगाव तालुक्यात आहे. इतक्या वर्षांत चार तऱ्हेच्या कार्यशाळा करून झाल्या, काही आमच्या अंगणात, काही दुसरीकडं जाऊन. त्यातली पहिली पार फसली. आधी तीच सांगते.

पर्यावरण दिनाचा, ५ जूनचा मुहूर्त होता. खड्डे आदल्या दिवशीच जेसीबीनं काढून ठेवलेले. पाहुणे आले, टोप्या वाटल्या, भाषणं झाली, ४० रोपं लागली, फोटो निघाले. दुपारच्या खिचडीपर्यंत सगळं आटोपलं. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ४० पैकी ७ झाडं जिवंत होती. वाळून काडी झालेलं करंजाचं एक रोप पाचवीतल्या एका पोरानं उपटलं, तर खाली नर्सरीची काळी पिशवी जशीच्या तशी. आतल्या आत गोल फिरून मुळांची वेणी झालेली. "बाई, हिची पिशवी कुणी काढलीच न्हाई." बरोबर होतं त्याचं. खड्डा आयता, रोप आयतं, मुलांच्या वाट्याला फक्त माती लोटणं. पिशवी फाडायची असते हे सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं, आणि त्यात मीही आले.

तेव्हापासून कुणीही कार्यशाळा घेऊन आलं की मी दोन प्रश्न विचारते. खड्डे कोण खणणार? आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार? पहिल्याला "आमचं मशीन येईल" असं उत्तर आलं की तो समारंभ आहे असं समजावं. समारंभ करायला हरकत नाही, पण त्याला कार्यशाळा म्हणू नये.

कृषी विज्ञान केंद्राचा एक दिवस

सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कराडजवळ काळवडे इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पोषण परसबाग, गांडूळखत, रोपवाटिका हे त्यांचे नेहमीचे विषय. आम्ही गेलो तेव्हा खर्च झाला तो जीपभाड्याचा आणि डब्यांचा. शिकवणारी माणसं रोज शेतकऱ्यांशी बोलणारी, त्यामुळं आडपडदा नाही. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे मी तिथंच नीट शिकले. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. अशी पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. चौथीच्या मुलांना हा खेळ फार आवडतो, अपूर्णांकही आपोआप होतात.

अडचण एवढीच की सगळं माप एकरात आणि गुंठ्यात चालतं. आपली बाग असते चार वाफ्यांची. पस्तीस मुलं सभागृहात बसवली तर अर्ध्या तासात चुळबुळ सुरू होते. म्हणून तिथं मुलं नेऊ नका, दोन मोठी माणसं पाठवा. त्यातली एक शिक्षक नसावी. का, ते पुढं येईल.

संस्था तुमच्याच अंगणात, दोन-तीन दिवस

ही सगळ्यात गोड लागणारी कार्यशाळा, आणि चांगला माणूस मिळाला तर तिला तोड नाही. आमच्याकडं आलेल्या ताईंनी पहिला अख्खा दिवस एकही रोप लावू दिलं नाही. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता मुलांनी मैदानावर सावलीच्या कडेनं चुन्याची रेघ मारली. संध्याकाळी रेघा बघून पोरांनीच ठरवलं की पालेभाजी कुठं आणि झाडं कुठं. मग काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून खळखळून हलवायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा म्हणजे गाळासारखी बारीक माती काही तासांनी, चिकणमाती दुसऱ्या दिवशी. सकाळी मुलं पट्टी घेऊन थर मोजायला दप्तर टाकून धावली. आमच्या बरणीत निम्म्याहून जास्त वाळू आणि बारीक मुरूम निघाला. गेल्या वेळची झाडं का गेली त्याचं अर्धं उत्तर त्या बरणीत होतं.

त्याच ताईंनी छपराचं गणित घातलं. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी. माण तालुक्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पडतो असं धरलं तर ५० हजार लिटर, सांडलवंड वजा जाता ४० हजार. महाबळेश्वरला ५ हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तिथला गुणाकार मुलांनी हौसेनं केला. पाऊस कमी म्हणून रडणाऱ्या आम्ही बाया त्या दिवशी गप्प बसलो.

जिवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताचंही तसंच. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं एकराचं माप २०० लिटर पाण्याचं आहे, शाळेला त्याचा दहावा भाग पुरतो. २० लिटर पाणी, १ किलो देशी गाईचं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम काळा गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं. आच्छादनाला तर आपल्याकडं काही विकत आणायलाच नको. कराड-वाळवा पट्ट्यात उसाची तोडणी झाली की पाचट पेटवून देतात, शाळेनं शब्द टाकला तर शेतकरी ट्रॉली आणून ओततो. झाडाच्या बुडाशी वीतभर पाचट असलं की पाण्याच्या खेपा निम्म्यावर येतात, हा माझा अनुभव.

पण इथं सगळं माणसावर अवलंबून. दुसऱ्या एका गटानं शहरातल्या सोसायटीचा आराखडा जसाच्या तसा आमच्या मुरमावर उतरवला. विटांचा गोल बुरूज बांधून त्यात ओवा, पुदिना आणि इटालियन काहीतरी लावलं. पुदिना आठवडाभर टिकला. रोपांच्या यादीत कण्हेर होती, कारण काय, तर शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. शेळी का तोंड लावत नाही, याचा विचार नको? कण्हेर विषारी आहे आणि पहिलीतलं पोर शेळीइतकं शहाणं नसतं. म्हणून रोपांची यादी आधी मागवा, आणि ती गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा.

घनवन, म्हणजे मियावाकी

कंपन्यांच्या सामाजिक निधीतून शाळांना सध्या सर्रास येणारा प्रस्ताव हाच. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही पद्धत. जमीन खोल उकरून, भरपूर सेंद्रिय खत घालून, चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं दाटीनं लावायची आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं. पुढं जंगल आपलं आपण वाढतं. पद्धत खोटी नाही. पण हिशेब करा. १०० चौरस मीटरला ३०० रोपं. रोपाला एका वेळी ५ लिटर म्हटलं तरी एका पाळीला १,५०० लिटर, म्हणजे ५ हजार लिटरची टाकी तीन पाळ्यांत कोरडी. त्याच टाकीवर २० झाडं, आठवड्यातून दोनदा ५ लिटरप्रमाणे, २५ आठवडे जगतात.

आणि आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की जावळी-पाटणकडं जिथं पाऊस आहे, तिथं जंगल शाळेच्या कुंपणाला टेकलेलंच असतं. जिथं जंगल नाही, त्या माण-खटावला किंवा सांगलीकडच्या जत-आटपाडीला पाणी नाही. शिवाय तिथला उघडा माळ ही काही उजाड पडलेली जागा नव्हे. गवत, मधूनच बोर, हिवर, बाभूळ, त्यात टिटव्या आणि चंडोल, हेच तिथलं खरं रूप. त्यावर दाट रान उभं करण्यापेक्षा एक कोपरा कुंपण घालून गवताला सोडला तर मुलांना जास्त पाहायला मिळेल. सातारा, कराड किंवा सांगली शहरात रस्त्याला लागून शाळा आहे, नळाला पाणी आहे, गाड्यांचा आवाज आणि धूळ वर्गात येते, अशा ठिकाणी मात्र भिंतीच्या कडेला घनवन खुशाल घ्या. फक्त दोन वर्षांच्या पाण्याचं कबूलपत्र कंपनीकडून लेखी घ्या. रोपं लावून मोकळं होणं सोपं असतं.

मुलांच्या हाताला यात काय लागतं? एक सकाळ. नंतर आत पाऊल टाकायलासुद्धा जागा राहत नाही.

महिन्यातून एकदा, वर्षभर

दिसायला सगळ्यात साधी, आणि माझं मत हिलाच. कुणी तरी जवळचाच माणूस, निवृत्त कृषी सहाय्यक, नर्सरीवाला किंवा गावातलीच हौशी शेतकरीण, दर महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी दोन तास येते. मार्चमध्ये खड्डे. मुरमात दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल, आणि मुलांनीच पाळीपाळीनं खणायचे. एप्रिल-मेच्या उन्हात ते तापू द्यायचे. लागवड ५ जूनला नाही, चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर. मग खुरपणी, दसऱ्याच्या सुमारास बिया गोळा करणं, हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा. या भाज्या थेट शाळेच्या पोषण आहारात जातात. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये शालेय पोषण बागांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याचसाठी.

महिन्याच्या फेरीचा खरा फायदा असा की चूक झाली की ती दुरुस्त करायला माणूस परत येतो. आमच्या लिंबाच्या पानांवर काळपट-पांढरे डाग चिकटलेले दिसले. "कावळ्याची शीट" म्हणून मुलं धुवायला निघाली. पुढच्या शनिवारी आलेल्या काकांनी भिंग दिलं. ती अळी होती, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून शिटीचं सोंग घेतलेली. राज्याचं फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये जाहीर झालेलं निलवंत याच कुळातलं, त्याची अळीही लिंबवर्गीय झाडांवरच वाढते. फवारणीचा पंप आणायला निघालेले आमचे सर पंप परत ठेवून आले. लिंबाची निम्मी पानं गेली, पुन्हा फुटली.

दोष आहेत. सप्टेंबरपर्यंत उत्साह आटतो. शनिवारीच कसली तरी ऑनलाइन माहिती भरायची निघते. आणि सगळ्यात मोठा दोष कार्यशाळेचा नाही, आपल्या व्यवस्थेचा आहे: शिकलेल्या शिक्षकाची बदली होते. माझ्या ओळखीच्या एका शाळेत अतिशय देखणी बाग होती, गुरुजी दुसऱ्या तालुक्यात गेले आणि दोन वर्षांत तिथं दुचाकी लावायला लागले. म्हणून म्हणते, शिकायला पाठवायचं एक तरी माणूस शिक्षक नसावं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींची बदली होत नाही. व्यवस्थापन समितीतल्या आईची होत नाही. याच कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप, म्हणजे पाणी अडवण्याची गावागावांतली स्पर्धा जिंकली, तेव्हाही आधी गावातलीच माणसं प्रशिक्षण घेऊन आली होती, आणि फावडं त्यांच्याच हातात होतं.

मे महिन्याची आमची तजवीज अशी. सुट्टीचे सहा आठवडे, सहा घरं, प्रत्येकी एक आठवडा. त्या आठवड्यात वाफ्यात जे पिकेल ते त्या घराचं. झाडांच्या बुडाशी कुंभाराकडचे भाजलेले, पण झिलई नसलेले मटके गळ्यापर्यंत पुरलेले आहेत. भरून झाकण ठेवलं की पाणी भिंतीतून हळूहळू पाझरतं, झाकणामुळं डासही होत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी एक फेरी पुरते. गेल्या मे महिन्यात एकच झाड गेलं, तेही फाटक उघडं राहून शेळ्या आत शिरल्या म्हणून.

आता निवड. दोन शिक्षकी, कमी पटाची शाळा असेल तर पैसे घालवू नका. दोन माणसं कृषी विज्ञान केंद्रात पाठवा आणि गावातल्या माणसाला महिन्याचा शनिवार मागा. मोठी शाळा, हरित सेना म्हणजे मुलांचं पर्यावरण मंडळ चालू, एक तरी शिक्षक वेडा, असं असेल तर दोन-तीन दिवसांची संस्था बोलवा, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये. जूनमध्ये बोलावलीत तर फोटोच मिळतील. घनवनाचं वर सांगितलंच. ऑनलाइन प्रशिक्षणाची लिंक आली तर चहा पिता पिता बघा, हाताला माती लागत नाही एवढंच.

परवा त्या मुख्याध्यापकांचा फोन आला. घनवनवाल्या कंपनीला त्यांनी नम्रपणे नाही कळवलंय, मावशींचं नाव बोरगावला दिलंय, आणि कुंभाराकडं वीस मटके सांगितलेत. मे महिन्याचा पहिला आठवडा स्वतःकडं घेतलाय. दुसऱ्या आठवड्याला अजून घर मिळालेलं नाही, सरपंचांच्या घरी विचारू का म्हणत होते.